बुंदीची रात्रपाळी

संध्याकाळचे सहा वाजलेत, पण ऊन अजून रस्त्यावरून हललेलं नाही. पुण्यातला मे. गल्लीतल्या जनावरांच्या दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढलंय, पश्चिमेची झळ अडवायला. आत जायचं तर वाकावं लागतं. माणसं वाकतात, कुत्री ताठ मानेनं आत जातात.

बाकावर जागा नाही. फिनेलचा वास, त्यावर ओल्या केसांचा, त्यावर स्पिरिटचा. भिंतीवरचा पंखा मान फिरवत राहतो. वारा ज्याच्या वाट्याला येतो, तो तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतो. कोपऱ्यात वेताच्या टोपलीतून एक मांजर गुरगुरतंय. काउंटरवरचा मुलगा वहीत बघून नाव पुकारतो. नाव जनावराचं, माणसाचं नाही. ‘सिंबा!’ दोघं उठतात. ‘लॅब्रॅडॉर सिंबा,’ तो सांगतो. एक जण परत बसतो.

ताईच्या मांडीवर बुंदी. अडीच महिन्यांची, साडेतीन किलोंची, गावठी. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. तिला खाली सोडायचं नाही. लसी पूर्ण झालेल्या नसल्या की पिल्लाला दवाखान्याच्या फरशीवर ठेवत नाहीत, रस्त्यावर तर नाहीच. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकून राहतो आणि कोण कुठून काय पायाला लावून आलंय, सांगता येत नाही. म्हणून बुंदी मांडीवर. आणि मांडीवर आहे म्हणून ताईच्या ओढणीचं टोक तिच्या तोंडात. ओढणी सोडवली की पर्सचा पट्टा. पट्टा सोडवला की अंगठा.

जरा वेळ बसलं की ध्यानात येतं, इथं एकही कुत्रं पेंगत नाहीये. जांभया देतायत ती माणसं. शेजारच्या कॉलेजातल्या मुलानं डोकं भिंतीला टेकलंय, त्याच्या पायांत एक बीगल स्वतःचीच दोरी चावतंय.

‘केवढं आहे?’ ताई विचारते.

‘तीन महिन्यांचा.’

‘रात्री?’

मुलगा बोलत नाही. नुसता हात कपाळाला लावतो. ताईला पुरतं. इथल्या ओळखी अशाच होतात.

पाऊण तासानं नंबर लागतो. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, बोलताना हात थांबत नाहीत. टेबलावरचा पत्रा पोटाला गार लागतो, तेवढ्यापुरती बुंदी गप्प. थर्मामीटर. ‘१०१.८. झकास.’ ताई दचकते. ‘ताप आहे?’ ‘नाही हो. कुत्र्याचं १०१ ते १०२.५ असतंच. ती आपल्या हाताला कायम कोमटच लागणार.’ बोटाला दही लावून ताई ते बुंदीच्या नाकापुढं धरते. दही चाटण्याच्या नादात सुई गेलेली तिला कळत नाही. पुढचा डोस तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची लस तीन महिने झाल्यावर. कार्डावर तारीख पडते.

‘खाणं?’

‘चार वेळा.’

‘शी?’

‘व्यवस्थित.’

‘झोप?’

ताई खरं तर एवढ्यासाठीच आली आहे. ‘झोपतच नाही हो. दमावी म्हणून संध्याकाळी मुलं दोन दोन तास पळवतात. तरी साडेआठ-नऊला हिच्या अंगात येतं. मग रात्रभर रडगाणं.’

‘आणि दिवसा?’

‘दिवसा कोण झोपू देतंय? मुलांना सुट्टी लागलीय.’

डॉक्टर सुई डब्यात टाकतात. ‘या वयात १८ ते २० तास झोप लागते.’

ताई चोविसातून वीस वजा करते. ओठ हलताना दिसतात.

‘तासभर जागी, मग दीड-दोन तास झोप. दिवसभर हेच चक्र. आपणहून झोपत नसेल तर आडोशाला ठेवायची, आसपास कुणी फिरकायचं नाही. आणि ते पळवणं बंद. ती दमत नाहीये, चेकाळतेय.’ बाहेर ‘मोती!’ असा पुकारा होतो. आमचा वेळ संपलेला असतो.

स्कूटरवर मी मागे, बुंदी माझ्या छातीशी कापडी पिशवीत, फक्त डोकं बाहेर. सिग्नलला बसचा धूर. शेजारच्या रिक्षातली बाई हात पुढं करते, बुंदी तिच्या बांगड्यांकडे झेपावते. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत कुत्र्यांच्या मऊ गाद्या मांडल्यात. ताई त्या बाजूला बघत नाही. तसलीच एक घरी आहे, नवी कोरी. बुंदी तिच्यावर आजवर एकदाच बसली, तेही कोपरा उसवण्यासाठी.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर उघडते आणि पॅसेजमध्ये आरोळी उठते. ‘बुंदी आली!’ सहा-सात मुलं. पुढं माझा भाचा, हातात बॉल. रोज याच वेळी हा पॅसेज दणाणतो. बॉल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, मागोमाग गुळगुळीत फरशीवर घसरत बुंदी, तिच्यामागं चपलांचा फटफटाट. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकून झालंय.

ताई बॉल मागून घेते. मुलांचे चेहरे पडतात. मग ती घरातून एक जुना टॉवेल आणते, त्यात मूठभर खाऊ पसरते आणि त्याची गुंडाळी करून बुंदीपुढं ठेवते. बुंदी एकदा टॉवेलवर उडी मारते, एकदा भुंकते, आणि मग नाक खाली घालते. आवाज फक्त नाकाचा. फुस, फुस, फुरर्. घडीत नाक, घडीबाहेर नाक, पंजानं ओढ, पुन्हा नाक. मुलं आपोआप खाली बसतात. कुणीतरी कुजबुजतं, ‘डावीकडे आहे, डावीकडे.’ पाचेक मिनिटांत टॉवेल उलगडलेला आणि बुंदी त्याच्यावरच पोट टेकून धापा टाकतेय. दोन तासांच्या बॉलनं झालं नव्हतं ते नाकानं केलं. वास शोधण्यात कुत्र्याचं डोकं कामाला लागतं, आणि डोकं कामाला लागलं की बाकीचं अंग गप्प राहतं.

पण एका संध्याकाळच्या शहाणपणानं दिवसभराचं जागरण फिटत नाही. जेवण होतं, डुलकी लागते न लागते तोच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. साडेआठला अंगात येतंच.

सुरुवात कशानं झाली, कळत नाही. बुंदी हॉलच्या मधोमध उभी असते. नजर कुठंच नाही. मग शेपूट पोटाखाली, पाठीची कमान, कान मागं, आणि सुटते. सोफ्याखालून, टीपॉयभोवती, पडद्यात, पडद्यातून बाहेर. वळणावर मागचे पाय निसटतात. जाता जाता भाचीच्या पोटरीला दात. भाची किंचाळते. किंचाळी ऐकून बुंदीला आणखी चेव. भाचा सोफ्यावर चढून टाळ्या वाजवतो. टीव्हीवर मालिकेतली सासू मोठ्या आवाजात कुणाला तरी घराबाहेर काढतेय.

आजी, म्हणजे ताईच्या सासूबाई, लसूण सोलत खाली बसल्यात. त्या वर न बघता बोलतात, ‘पेंगुळलंय ते. लेकरू झोपेला आलं की असंच थयथयाट करतं. तुम्ही समद्यांनी गप बसा आधी.’ मग सोललेल्या पाकळ्यांची वाटी उचलून ओट्यावर, उंचावर ठेवतात. कांदा-लसूण कुत्र्याला विष. हे त्यांना इथं येऊन कळलं. बाकीचं त्या येतानाच घेऊन आल्या होत्या.

आजींचं माहेर माण तालुक्यातलं. तिथं धनगरांची मेंढरं रात्री वाघरीत कोंडलेली, आणि वाघरीबाहेर कुत्री. लांडग्याच्या वाटेकडे तोंड करून. ‘रात्री झोपणाऱ्या कुत्र्याला आमच्यात भाकरी नव्हती,’ त्या सांगतात. म्हणजे जे करावं म्हणून हिच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या भाकरी मिळाली, तेच करू नये म्हणून आज चौथ्या मजल्यावर सगळे खटपट करतायत.

टीव्ही मुका होतो. सासू आता नुसती तोंड हलवते. ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू. भाचा सोफ्यावरून उतरवला जातो. कुणी बुंदीला पकडायला धावत नाही, धावलं तर तो पुन्हा खेळच. सगळे जागच्या जागी उभे. बुंदी आणखी दोन फेऱ्या मारते. तिसरीत वेग उतरतो. मग ताई जमिनीवर बसते, फ्रीजरमधून काढलेलं ओलं, पिळा घातलेलं फडकं पुढं करते. कडक, थंड. बुंदीचे २८ दुधाचे दात, सगळे सुईच्या टोकाचे, त्यात रुततात. थोड्याच आठवड्यांत ते पडायला लागतील आणि कायमचे ४२ येतील. तोवर घरात पायमोजे कमी पडणार आहेत.

हॉलच्या कोपऱ्यात आडोसा आहे: कूलरचं मोठं खोकं, एक बाजू कापलेली, पुढं कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा. त्यात फडक्यासकट बुंदी. कुरकुर, धडपड, स्टँडच्या दांडीला एक चावा. फडक्याचा कचकच आवाज. मग तो विरळ होत जातो. घरातली पाच माणसं साडेनऊ वाजता ताटं न वाजवता जेवतात. मीठ मागायचं तर बोटानं दाखवायचं.

खोक्यात खाली गोणपाटाचा तुकडा आहे. दोन गल्ल्यांपलीकडे एक बांधकाम चालू आहे, तिथल्या पहारेकऱ्याच्या खाटेखाली बुंदीची आई व्याली. पाच पिल्लं. आठ आठवडे पुरे झाल्यावर बुंदी इकडे आली, सोबत हा तुकडाही मागून आणला. दोनदा धुवायला निघाला होता, आजींनी धुवू दिला नाही. त्याला जो वास आहे तो आपल्याला नकोसा वाटतो. बुंदी झोपताना नाक त्यातच खुपसते. मोबाइलवरचे सल्लागार सांगतात, पिल्लाशेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवा, आईची ऊब वाटेल. सांगणारा थंड मुलखातला असणार. इथं रात्री दहा वाजताही भिंती गरम आहेत. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळा भार जिभेवर. बुंदी मोकळी असली की बाथरूमच्या दारातल्या गार फरशीवर पोट टेकते. पाण्याचं भांडं कुणी उचलत नाही. उन्हाळ्यात शू वाचवायला पाणी तोडणं म्हणजे अगदीच मूर्खपणा.

अकरा वाजता खोकं ताईच्या पलंगाशेजारी जातं. हे ठरायला घरात बराच वाद झालेला आहे. खालच्या काकांचं मत ठाम होतं: स्वयंपाकघरात ठेवा, दार लावा, तीन रात्री रडेल, चौथ्या रात्री गप्प होईल. गप्प होतं, हे खरं. पण आठ आठवडे चार भावंडांच्या ढिगात झोपलेल्या पिल्लाला बंद खोलीत एकटं टाकलं, तर ते शांत होऊन गप्प होतं की थकून, हे दाराच्या या बाजूनं कसं कळणार? मला तो सल्ला पटत नाही. ताईला तो पाळवलाच नाही. स्वयंपाकघरातलं पहिलं कुंईं ऐकून ती उशी घेऊन तिकडेच झोपायला गेली होती.

मी हॉलमध्ये दिवाणावर. पंखा पाचवर. दार उघडं असल्यानं खोलीतलं सगळं ऐकू येतं. बुंदी एक गिरकी घेते, दुसरी घेते, धप्प. उठते. बारीक, ताणलेलं कुंईं. ताईचा हात पलंगावरून खाली लोंबतो, बोटं खोक्याच्या कडेवर. बोलणं नाही, थोपटणंही नाही. नुसता हात. बुंदी बोटं चाटते, एक बोट चावून बघते. बोट हलत नाही. चावण्यात मजा नाही. धप्प.

थोड्या वेळानं पलंगावरून भाचीची कुजबुज. ‘आई, तिला फिट आलीय.’ मोबाइलच्या उजेडात बघितलं तर बुंदीचे चारही पाय चालतायत, मिशा थरथरतायत, मिटल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे. तोंड मिटलेलंच, पण आतून एक ‘वुफ’ येतो. झोपेतलं पळणं आहे. पिल्लांच्या झोपेत हे असं फार. हात लावायचा नसतो, दचकून चावा घेईल. भाची हात मागं घेते, पण उजेड बंद करत नाही. ताई करते.

साडेबारा. रस्त्यावर कंपनीची बस थांबल्याचा आवाज. दाजी चाकणला कारखान्यात, या आठवड्यात सेकंड शिफ्ट. इतके दिवस हा घोटाळ्याचा क्षण होता: लिफ्टचं दार, किल्लीचा खडखडाट, ‘झोपली का माझी बुंदी?’ आणि पुढचा तासभर दाजी व बुंदी हॉलमध्ये. आज ते लिफ्टनं येत नाहीत, जिन्यानं येतात. दार आधीच नुसतं लोटलेलं. बूट बाहेर. अंधारात माझ्या दिवाणाला त्यांचा गुडघा लागतो, शिवी अर्ध्यात गिळली जाते. खोलीत बुंदी मान वर करते. शेपूट खोक्याच्या पुठ्ठ्यावर वाजते, टप टप टप. दाजी दारात उभे. बारा तास तिला पाहिलेलं नाही. आत जावं असं त्यांच्या पायांना वाटतंय, ते मला दिवाणावरून दिसतंय. ते तसेच वळतात, स्वयंपाकघरात जाऊन अंधारात गार वरण-भात खातात. शेपटीचा आवाज थांबायला वेळ लागतो, पण थांबतो.

दोन वाजून दहा मिनिटं. हे कुंईं वेगळं आहे. तुटक, घाईचं, मध्ये खोक्याला नखं. महिन्याला एक तास, वर एक, असा ढोबळ हिशेब; अडीच महिन्यांच्या पिल्लाची धाव तीन-साडेतीन तासांपलीकडे जात नाही. अकराला उरकलं होतं, तेव्हा वेळेवरच आहे. ताई तिला उचलते, चालवत नाही. चालवलं तर हॉलमध्येच काम होईल. दिवा लावत नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी प्लॅस्टिकचा ट्रे, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर मुद्दाम ठेवलेला कालच्या कागदाचा एक ओला तुकडा. जागा कुठली ते नाकाला कळावं म्हणून.

ताई एकदाच म्हणते, ‘शू कर.’ आणि भिंतीकडे बघत उभी राहते.

बुंदी ट्रेमधून बाहेर येते. उचलून परत ट्रेमध्ये. मशीनचा पाइप हुंगते. ताईच्या गाऊनची कड ओढते. ताई भिंतीकडेच बघतेय. डास कानाशी. खाली पहारेकऱ्याची काठी फरशीवर टक् टक् करत जाते, आणि कोपऱ्यावरच्या भटक्या टोळीतलं एक कुत्रं गळा काढतं. दुसरं साथ धरतं. मग पलीकडच्या चौकातून उत्तर. बुंदीचा उभा कान आणखी उभा, पडलेला अर्धा उचलला जातो. छातीतून एक बारीक गुरगुर. माणच्या वाघरीबाहेर ही कामाची ठरली असती. ताई काही बोलत नाही, दामटत नाही, ‘गुड गर्ल’ नाही, काहीच नाही. रात्री माणसानं कंटाळवाणं व्हायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. झोप इतकी आलीय की दुसरं काही होणं शक्यही नाही. टोळी गप्प होते. बुंदी गोल फिरते, बसते. कागदावर बारीक आवाज. आता मात्र एक हळू ‘शाब्बास’, बोटभर खाऊ, आणि थेट खोक्यात. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं.

वाटेत भाचा उभा. डोळे चिकटलेले, हात पुढं. ‘मी फक्त एकदा...’ ताई नुसती मान हलवते. तो हात मागं घेऊन पाणी प्यायला जातो. त्याला या सगळ्यात सर्वांत जास्त अवघड काम मिळालंय, असं मला वाटतं.

पुढचं मला ऐकू येत नाही, कारण मीही झोपतो. डोळे उघडतात तेव्हा खिडकीत करडा उजेड, कोकीळ, आणि बुंदी. पाच पस्तीस. दिवस उजाडताना आणि मावळताना कुत्र्याचं अंग मुळातच जागं असतं. इथं समजूत घालण्यात अर्थ नाही. ताई पालथी झोपलीय, दाजी घोरतायत. आजी उठलेल्याच आहेत. ‘आण इकडं,’ त्या म्हणतात. ट्रे, कागद, मग अर्धी वाटी खाऊ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी त्या पेन्सिलीनं लिहितात: २.१०, ५.३५. परवाच्या चौकोनात पाच आकडे आहेत, कालच्यात चार.

दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली गेलो की काका भेटतात. बनियन, हातात कुलूप. ‘काल एकदाच वाजलं तुमचं,’ ते म्हणतात. कौतुक नाही, नुसती नोंद. मग जरा थांबून, ‘साडेबाराला येणारे तुमचे दाजी काल आले नाहीत वाटतं.’

वर हॉलमध्ये बुंदीनं माझी डावी चप्पल दिवाणाखाली नेलीय. आजी गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात, चप्पल काढतात, तिच्या जागी टॉवेलची गुंडाळी ठेवतात. फुस, फुस, फुरर्. साडेसहाला त्या घड्याळाकडे बघतात. ‘चला, झाला तास. घाला तिला खोक्यात.’ ऊन आत्ताच गॅलरीच्या कठड्यावर चढलंय, आज पण तापणार. मी स्टँड आडवा लावतो. बुंदी दांडीला चावते. आतल्या खोलीचं दार उघडतं आणि भाचा बाहेर येतो, केस उभे, एका हातात बॉल.

‘ठेव तो,’ आजी म्हणतात. ‘आधी दात घास.’